१९५० चा ‘ट्रेझर आयलंड’ आणि रॉबर्ट न्यूटन यांचा सिल्व्हर

प्रश्न
पाऊलवाट

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी नुकतीच पुन्हा वाचली आणि ती मनात ताजी असतानाच डिस्नेने १९५० मध्ये काढलेला, बायरन हॅस्किन यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट पाहिला. समुद्री चाच्यांच्या कथांवर हॉलिवूडने मूकपटांच्या काळापासून कितीतरी चित्रपट काढले, पण त्यांतले बहुतेक तलवारबाजी, तोफांचे बार आणि शेवटी नायक-नायिकेचे मीलन या ठरलेल्या वाटेने जातात. या चित्रपटात एकाही स्त्रीची भूमिका नाही, प्रेमकथा नाही, आणि खजिना सापडणार की नाही ही उत्सुकतासुद्धा मध्यावर कुठेतरी मागे पडते. त्यानंतर मन गुंतून राहते ते एवढ्याच गोष्टीत की जिम हॉकिन्स हा पोरगा आणि लाँग जॉन सिल्व्हर हा एका पायाचा खलाशी यांचे शेवटी काय होणार. ज्याने आपल्याला फसवले, ज्याचे हात रक्ताने माखलेले आहेत हे डोळ्यांनी पाहिले, त्याच माणसाविषयी वाटणारी ओढ काही केल्या तुटत नाही, ही मुलाच्या मनाची अवस्था इतक्या सरळपणे दाखवणारे चित्रपट मी फार थोडे पाहिले आहेत.

माझ्यासोबत चित्रपट पाहणाऱ्यांचे मत मात्र वेगळे पडले. रॉबर्ट न्यूटन यांनी उभा केलेला सिल्व्हर त्यांना फार भडक वाटला. डोळे फिरवणे, एक भुवई उंचावणे, शब्द लांबवून घोळवून बोलणे, हे सारे रंगभूमीवरच्या खलपुरुषाचे झाले आणि त्यामुळे भीती वाटायची ती वाटली नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मला हे पटत नाही, तरी नेमके का पटत नाही ते नीट मांडता आलेले नाही.

दुसरी गोष्ट शेवटाविषयी. कादंबरीत परतीच्या वाटेवर जहाज एका बंदरात थांबलेले असताना सिल्व्हर बेटावर एकटा टाकून दिलेल्या बेन गन या खलाशाच्या मदतीने, तीनचारशे गिनींची एक पिशवी उचलून पसार होतो, आणि जिमला ते नंतर कळते. चित्रपटात तो जिमलाच होडीत घालून सुकाणूवर बसवतो. जिम होडी मुद्दाम वाळूत रुतवतो, सिल्व्हर त्याच्यावर पिस्तूल रोखतो आणि त्याला चाप ओढवत नाही. मग जिमच पुढे होऊन ती होडी पाण्यात लोटायला हात लावतो. हा बदल मूळ कथेला धरून आहे, की प्रेक्षकांना गहिवर यावा म्हणून केलेली सोय आहे? ज्यांनी कादंबरी आणि चित्रपट दोन्ही बारकाईने पाहिली आहेत, त्यांचे विचार वाचायला आवडतील.


उत्तर १
जुना पडदा

पाऊलवाट, पहिल्या भागाविषयी माझे मत ठाम आहे. न्यूटन यांचा अभिनय मोठा आहे, ठसठशीत आहे, आणि तो तसाच असायला हवा होता, कारण सिल्व्हर हा माणूस मुळातच नट आहे. खजिन्याची मोहीम काढणारे जमीनदार ट्रेलॉनी यांच्यापुढे तो ॲडमिरल हॉक यांच्या हाताखाली देशासाठी पाय गमावलेला निष्ठावंत नाविक असतो, जिमपुढे समुद्रावरच्या गोष्टी सांगणारा लोभस वडीलधारा असतो, कॅप्टन स्मॉलेट यांच्यापुढे अदबीने वागणारा आचारी असतो, आणि आपल्या टोळीपुढे थंड डोक्याने हिशेब करणारा पुढारी. यांतले एकही रूप पूर्ण खोटे नाही. स्टीव्हन्सन यांनी सफरचंदांच्या पिंपाच्या प्रकरणात ही गोष्ट फार सुंदर उघड केली आहे. पिंपात लपलेल्या जिमच्या कानावर पडते ते असे की ज्या गोड शब्दांनी सिल्व्हरने त्याला भुलवले होते, तेच शब्द तो आता दुसऱ्या एका तरुण खलाशाला ऐकवतो आहे. शक्य असते तर पिंपातूनच त्याला ठार केले असते, असे जिम लिहितो. कटाचा सगळा तपशील कळण्याआधीच तो पेटून उठतो, आणि त्याचे कारण हे की आपल्यावरची माया ही अनेकांना दाखवायची एक चीज होती, हे त्याला त्या क्षणी समजते.

असा माणूस साकारायचा तर नटाला अभिनय करणाऱ्या माणसाचा अभिनय करावा लागतो, आणि न्यूटन नेमके तेच करतात. त्यांचे डोळे फिरतात, भुवई चढते, हसू ओठांवर पसरते, पण हे सारे समोरच्या माणसासाठी असते. समोरचा वळला की चेहऱ्यावरचे हसू क्षणभर तसेच राहते आणि डोळे मात्र मोजमाप करू लागतात. पुन्हा पाहाल तेव्हा सिल्व्हर बोलत असताना त्याच्याकडे न पाहता, त्याचे बोलणे संपल्यावरच्या दोनतीन सेकंदांकडे लक्ष द्यावे, असे मी सुचवीन. भीती तिथे आहे.

हाच नट संयमाने काय करू शकतो, याचे उत्तर दोनच वर्षे आधीच्या कामात मिळते. डेव्हिड लीन यांच्या १९४८ च्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये न्यूटन यांनी बिल साइक्स केला. तिथे त्यांनी मोजकेच बोलून, जडपणे वावरून अंगावर काटा आणला आहे. म्हणजे सिल्व्हरमधला भडकपणा हा आवरता न आलेला दोष नव्हता. ती त्या भूमिकेसाठी केलेली निवड होती.

आता त्या बोलण्याविषयी. न्यूटन यांचा जन्म १९०५ मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील शाफ्ट्सबरीचा, आणि बालपण गेले कॉर्नवॉलमध्ये. दोन्ही भाग इंग्लंडच्या नैर्ऋत्येचे, शेतकऱ्यांचे आणि दर्यावर्दी लोकांचे. तिकडच्या बोलीत ‘र’ चा उच्चार ठासून आणि घोळवून होतो. खजिन्याच्या बेटाकडे जाणारे हिस्पॅनिओला जहाज सुटते ते ब्रिस्टलहून, म्हणजे त्याच पट्ट्यातल्या मोठ्या बंदरातून, आणि सिल्व्हरची खाणावळही तिथलीच. न्यूटन यांनी लहानपणी कानांवर पडलेली ती बोली थोडी फुगवून वापरली. ती लोकांना इतकी आवडली की पुढे कुठल्याही देशाचा, कुठल्याही शतकाचा चाचा त्याच ढंगात बोलू लागला. आज न्यूटन जुनाट किंवा ठोकळेबाज वाटतात त्याचे कारण बहुधा हेच असावे. पुढच्या सत्तर वर्षांत निघालेल्या नकला आपण आधी पाहिलेल्या असतात आणि अस्सल माणूस नंतर पाहतो. न्यूटन यांनी १९५२ मध्ये ‘ब्लॅकबिअर्ड द पायरेट’ केला, १९५४ मध्ये हॅस्किन यांच्याच दिग्दर्शनाखाली ऑस्ट्रेलियात ‘लाँग जॉन सिल्व्हर’ केला आणि १९५६ मध्ये ते वारले. त्या नंतरच्या कामांत ही शैली खरोखरच सैल झाली आहे. आपल्यासोबतच्या मंडळींचा आक्षेप त्या चित्रपटांना लावला तर मी वाद घालणार नाही.

एक बारीक गोष्ट राहू नये म्हणून सांगतो. चाच्याला लाकडी पाय असतो ही कल्पना आता सर्वांच्या डोक्यात घट्ट बसली आहे, पण कादंबरीतल्या सिल्व्हरला लाकडी पाय नाही. त्याचा डावा पाय मांडीच्या मुळापासून कापलेला आहे आणि तो कुबडीवर विलक्षण चपळाईने वावरतो. चित्रपटाने कुबडीच ठेवली आहे. न्यूटन यांना एक पाय दुमडून बांधून काम करावे लागे, आणि तरीही हलत्या डेकवर, पायऱ्यांवर, वाळूत ते ज्या सहजतेने फिरतात ते पाहण्यासारखे आहे. खजिन्याच्या बेटावर दोन धडधाकट पायांची माणसे त्याच्यामागून धापा टाकत जातात, यातच तो त्यांचा पुढारी का आहे ते कळते.


उत्तर २
खाडीकाठ

अभिनयाविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे, त्यामुळे मी चित्रपट घडला कसा त्याविषयी लिहितो, कारण त्याचा पडद्यावर जे दिसते त्याच्याशी थेट संबंध आहे.

हा चित्रपट डिस्नेचा असला तरी त्याचे चित्रण इंग्लंडमध्ये झाले, आणि त्यामागे कलेपेक्षा पैशाचे कारण होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरची तीव्र टंचाई होती. ऑगस्ट १९४७ मध्ये तिथल्या सरकारने परदेशी चित्रपटांवर ७५ टक्के कर बसवला, तेव्हा हॉलिवूडच्या कंपन्यांनी ब्रिटनला नवे चित्रपट पाठवणेच थांबवले. मार्च १९४८ मध्ये तडजोड झाली. तिच्यानुसार अमेरिकी कंपन्यांना मिळून वर्षाला १ कोटी ७० लाख डॉलर मायदेशी नेता येणार होते आणि बाकीची कमाई ब्रिटनमध्येच खर्चावी लागणार होती. डिस्नेचेही पैसे असे अडकून पडले होते. त्यांतून त्यांनी तिथेच चित्रपट काढायचे ठरवले, आणि ॲनिमेशनचा एकही तुकडा नसलेला, पूर्णपणे जिवंत नटांचा असा डिस्नेचा हा पहिला चित्रपट झाला. त्यानंतर १९५२ चा ‘रॉबिन हूड’ आणि आणखी दोन चित्रपट त्यांनी ब्रिटनमध्येच केले.

या अडचणीचा फायदा असा झाला की कथेला तिच्या मातीतली माणसे मिळाली. खजिन्याचा नकाशा बाळगणारा म्हातारा खलाशी बिली बोन्स झालेले फिनले करी, त्याच्या मागावर आलेला आंधळा चाचा प्यू झालेले जॉन लॉरी, कॅप्टन स्मॉलेट झालेले बेसिल सिडनी, मोहिमेत जिमसोबत असलेले डॉ. लिव्हसी झालेले डेनिस ओडे, ही सगळी ब्रिटिश आणि आयरिश रंगभूमीवर तयार झालेली मंडळी आहेत. करी यांचा बिली बोन्स थोडाच वेळ दिसतो, पण त्या मोठ्या देहातली घबराट पाहून ज्याला हा माणूस भितो तो कसा असेल याची धास्ती आपल्याला आपोआप लागते. जिमची भूमिका करणारा बॉबी ड्रिस्कॉल हा तेवढा अमेरिकेहून आणलेला, आणि त्याचे उच्चार अमेरिकी आहेत ते कानाला जाणवतात. चित्रणाच्या वेळी तो बारा वर्षांचा होता. त्याच्याकडे तिथे काम करण्याचा वैध परवाना नसल्याचे निघाले, प्रकरण न्यायालयात गेले, दंड झाला, आणि हॅस्किन यांना त्याची जवळून घ्यायची दृश्ये घाईने आधी उरकून घ्यावी लागली. नंतरच्या काही लांबच्या दृश्यांत त्याच्या जागी दुसरा मुलगा उभा केला आहे. इतक्या ओढाताणीत हे काम झाले असेल, अशी पडदा पाहताना शंकाही येत नाही.

छायाचित्रण फ्रेडी यंग यांचे आहे. पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चे वाळवंट ज्यांनी दाखवले, तेच हे. त्या काळच्या टेक्निकलर पद्धतीत कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन फिती फिरत, काचेच्या लोलकातून प्रकाश विभागून त्या तिन्हींवर जाई, आणि म्हणून कॅमेरा अवजड असे व प्रकाश भरपूर लागे. तरीही यंग यांनी जिमच्या घरच्या ॲडमिरल बेनबो खाणावळीतला अंधार जपला आहे. तपकिरी लाकूड, मेणबत्तीचा पिवळा उजेड आणि त्यात एखादाच लाल डगला, एवढ्यावर ती दृश्ये उभी आहेत. ब्रिस्टलच्या बंदराचा बराचसा देखावा पीटर एलेनशॉ यांनी काचेवर रंगवलेला आहे. खरे दृश्य आणि रंगवलेले दृश्य यांचा सांधा शोधत मी ती रीळ अनेकदा थांबवून पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी त्या माणसाच्या हाताला मनोमन नमस्कार केला आहे. हॅस्किन हे स्वतः आधी छायाचित्रकार होते आणि वॉर्नर ब्रदर्समध्ये विशेष दृश्यांच्या विभागाचे प्रमुख होते, म्हणून अशा कामाची त्यांना चांगली जाण होती.

जहाज मात्र खरे आहे. १८८७ मध्ये बांधलेल्या ‘रायलँड्स’ नावाच्या शिडाच्या मालवाहू जहाजाला नवा साज चढवून त्यांनी त्याची हिस्पॅनिओला केली, आणि पुढे १९५६ च्या ‘मोबी डिक’मध्ये तेच जहाज पेक्वॉड म्हणून झळकले. शिडे भरताना दोर कसे ताणले जातात, डेक कसा कलतो, माणसे तोल कसा सावरतात, हे टाकीतल्या पाण्यात ठेवलेल्या प्रतिकृतीतून येत नाही. कोकणच्या खाडीत शिडाची होडी चालताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा फरक लगेच ओळखू येईल.

बाहेरची दृश्ये कॉर्नवॉलमध्ये, फॅल नदीच्या मुखाच्या परिसरात घेतली आहेत. त्यामुळे बेट उष्ण कटिबंधातले वाटत नाही, नारळ-पोफळी नाहीत, अशी तक्रार काही जण करतात. पण कादंबरीतले बेट तरी कुठे तसे आहे? स्टीव्हन्सन यांचे बेट करड्या रंगाच्या रानाचे, पाइनच्या उंच झाडांचे आणि उदास आहे. त्यातला काही निसर्ग आपण कॅलिफोर्नियात पाहिलेल्या निसर्गावरून घेतला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. जिमला ते बेट पहिल्याच नजरेत नकोसे होते. कॉर्नवॉलचे गर्द, ओलसर झाडीचे किनारे त्या भावनेला निळ्या समुद्रापेक्षा जवळचे आहेत.


उत्तर ३
वाचनखूण

हा चित्रपट मलाही प्रिय आहे, परंतु त्याने कादंबरीतून जे गाळले आहे त्याची नोंद इथे व्हायला हवी.

सर्वांत मोठी हानी जिमच्या आईची आहे. कादंबरीच्या चौथ्या प्रकरणात बिली बोन्स मरून पडलेला असतो, चाचे कोणत्याही क्षणी खाणावळीवर येणार असतात, गावातला एकही पुरुष सोबत यायला तयार नसतो, आणि ही बाई मुलाला घेऊन परत जाते, पेटी उघडते आणि आपले जेवढे येणे आहे तेवढेच मोजून घेऊ लागते. एक नाणे जास्त नको आणि एक कमी नको. पेटीत निरनिराळ्या देशांची नाणी मिसळलेली असतात आणि तिला हिशेब जमतो तो फक्त गिनींचा, म्हणून वेळ लागतो, बाहेर आंधळ्या प्यूच्या काठीची टकटक ऐकू येते, तरी ती हटत नाही. पैशासाठी माणसे मारणाऱ्यांच्या या कथेत पैशाशी नेकीने वागणारे हे एकच माणूस, आणि ते सुरुवातीलाच येते हे स्टीव्हन्सन यांनी योजून केले आहे. तिला वगळल्यावर चित्रपटातला जिम जवळजवळ अनाथ होतो. त्याला सिल्व्हरची ओढ वाटणे त्यामुळे सोपे झाले, पण कादंबरीतला जिम घरी वाट पाहणारे माणूस असूनही ओढला जातो, आणि ते अधिक खोल आहे.

दुसरे म्हणजे निवेदन. कादंबरी जिम स्वतः सांगतो, तेही सगळे घडून गेल्यावर काही काळाने, आणि शेवटच्या ओळींत तो सांगतो की त्या बेटाची भयंकर स्वप्ने अजून पडतात आणि सिल्व्हरच्या पोपटाचा आवाज अजून कानांत घुमतो. या साहसाने त्याला जन्मभराची काही इजा केली आहे. चित्रपटाला ती इजा दाखवायची नाही. डिस्नेला मुलांनी आनंदाने घरी जावे असे वाटत होते, आणि त्यात गैर काही नाही, पण तेवढ्या प्रमाणात कथेचे वजन उतरले आहे.

तिसरे, सिल्व्हरचे क्रौर्य. चौदाव्या प्रकरणात कटात सामील व्हायला नकार देणाऱ्या टॉम या खलाशाच्या पाठीवर सिल्व्हर आपली कुबडी भाल्यासारखी फेकतो आणि तो पडताच अंगावर जाऊन त्याला भोसकतो. झुडपांआडून हे पाहणाऱ्या जिमला घेरी येते. शुद्धीवर येऊन तो पाहतो तर सिल्व्हर शांतपणे गवताने चाकू पुसत असतो. न्यूटन यांच्या सिल्व्हरकडून आपण इतके हादरत नाही. जुना पडदा यांनी म्हटलेले ते मोजमाप करणारे डोळे मला मान्य आहेत, पण त्या डोळ्यांमागचा खुनी पुस्तकात जितका जवळून दिसतो तितका पडद्यावर दिसत नाही.

तुलनेसाठी मेट्रो-गोल्डविन-मेयरचा १९३४ चा चित्रपटही पाहावा, असे सुचवते. दिग्दर्शक व्हिक्टर फ्लेमिंग, सिल्व्हर झालेले वॉलेस बीअरी आणि जिम झालेला जॅकी कूपर. या दोघांनी १९३१ च्या ‘द चँप’मध्ये बाप-लेक म्हणून प्रेक्षकांना रडवले होते, आणि तीच जोडी तसल्याच भावनेसाठी इथे पुन्हा आणलेली आहे. त्यात लायनेल बॅरीमोर यांचा बिली बोन्स अप्रतिम आहे, समुद्रही देखणा आहे, पण शेवटी जिमचे अश्रू इतके वाहतात की सिल्व्हर कोण होता तेच विसरायला होते. त्याच्याशेजारी ठेवून पाहिले तर १९५० च्या चित्रपटाचा संयम लक्षात येतो, हे मी मोकळेपणाने मान्य करते.


उत्तर ४
निळी शाई

वाचनखूण यांच्या मुद्द्याला थोडी जोड देतो. कादंबरीशी अधिक एकनिष्ठ रूप हवे असेल तर फ्रेझर हेस्टन यांनी दिग्दर्शित केलेला १९९० चा दूरचित्रवाणीवरचा चित्रपट आहे. त्यात चार्ल्टन हेस्टन सिल्व्हर आहेत आणि त्या वेळी किशोरवयीन असलेला ख्रिश्चन बेल जिम आहे. त्यातला सिल्व्हर खरोखर धोकादायक वाटतो आणि जिमही वयाने मोठा, अंगात रग असलेला आहे. तरीही मला १९५० चाच पुन्हा पाहावासा वाटतो. १९९० च्या सिल्व्हरला भ्यावेसे वाटते, पण त्याच्यावर विश्वास ठेवावा असे एकदाही वाटत नाही, आणि विश्वास ठेवावासा वाटला नाही तर जिमची कोंडी आपल्यापर्यंत पोहोचणार कशी?


पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. आईविषयी वाचनखूण यांनी लिहिलेले वाचून ते प्रकरण पुन्हा काढून वाचले आणि त्यातली बाहेरची टकटक जवळ येत जाते ती जागा किती बांधीव आहे हे नव्याने जाणवले. चित्रपटाने खाणावळीतला वेळ आखडता घेऊन कथा लवकर ब्रिस्टलला नेली, आणि न्यूटन लवकर पडद्यावर यावेत हा त्यातला हेतू समजण्यासारखा आहे, पण किंमत मोठी मोजली, हे खरे.

ड्रिस्कॉलविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. न्यूटन जितके बोलतात तितका हा मुलगा ऐकतो. सिल्व्हर काही सांगत असताना कॅमेरा जिमच्या चेहऱ्यावर येतो तेव्हा तिथे कौतुक, शंका आणि पुन्हा कौतुक, असे काही हलके हलके सरकत जाते. एवढ्या मोठ्या आवाजाच्या नटापुढे बारा वर्षांच्या मुलाने काहीच न करता उभे राहायचे धाडस दाखवले, म्हणून न्यूटन यांचा मोठेपणा पेलला गेला. शेवटाविषयीचा माझा प्रश्न मात्र अजून उरला आहे.


उत्तर ५
जुना पडदा

शेवटाविषयी लिहायचे राहिले होते. माझ्या मते तो बदल कादंबरीतूनच उगवलेला आहे, फक्त त्याची जागा हलवली आहे.

कादंबरीच्या शेवटच्या चारपाच प्रकरणांत जिम चाच्यांच्या तावडीत असतो. त्याला मारून टाकावे असा टोळीचा आग्रह असतो आणि सिल्व्हर एकटा आडवा उभा राहतो. त्यात त्याचा स्वार्थ आहे, कारण डाव उलटला तर फासापासून वाचवायला हा मुलगाच साक्षीदार म्हणून उपयोगी पडणार आहे, आणि हे तो जिमला तोंडावर सांगतोही. दुसऱ्या दिवशी डॉ. लिव्हसी कुंपणापाशी येतात आणि जिमला म्हणतात की उडी मार, आपण पळून जाऊ. जिम नकार देतो. सिल्व्हरला शब्द दिला आहे, एवढेच त्याचे कारण. ज्याच्या शब्दाला काडीची किंमत नाही अशा माणसाला दिलेला शब्द हा मुलगा जिवावर उदार होऊन पाळतो. नंतर खजिन्याकडे जाताना सिल्व्हर त्याला दोरीने बांधून ओढत नेतो, त्याच्याकडे खुनी नजरेने पाहतो, आणि खड्डा रिकामा दिसताच क्षणात पवित्रा बदलून त्याच्याच हाती दुनळी पिस्तूल देतो आणि संकटाला तयार राहायला सांगतो. स्वार्थ आणि माया यांची गाठ इतकी घट्ट आहे की कोणती कुठे संपते ते जिमलाही सांगता येत नाही आणि आपल्यालाही.

हे सारे पाऊण पुस्तकभर हळूहळू साचत आलेले असते आणि निवेदक जिम ते आपल्याला शब्दांत सांगत असतो. चित्रपटाने निवेदक काढून टाकल्यावर तीच गाठ कृतीत दाखवणारे एखादे दृश्य त्याला हवे होते, आणि वाळूत रुतलेली होडी हे ते दृश्य आहे. त्यात सिल्व्हर सुधारत नाही. तो खजिन्यातला वाटा घेऊन पळतोच आहे आणि मुलाला ओलीस धरलेच आहे. फक्त चाप ओढण्याची वेळ येते तेव्हा त्याच्याने ते होत नाही, आणि ते आपल्याच्याने का होत नाही याचे त्यालाच आश्चर्य वाटते; न्यूटन यांच्या चेहऱ्यावर ते आश्चर्य स्पष्ट आहे. जिमही त्याला माफ करत नाही. आधी होडी रुतवणारा तोच आहे, म्हणजे सिल्व्हरला पकडून द्यायचे त्याने ठरवलेले असते. कुबडीच्या आधाराने एकट्याने होडी लोटू पाहणारा तो माणूस पाहून मात्र त्याचा निश्चय टिकत नाही.

वाचनखूण म्हणतात त्याप्रमाणे १९३४ च्या चित्रपटात अश्रू वाहतात. इथे जिम धावत जातो, खांदा लावतो आणि होडी सुटते. काठावरून पाहणारे डॉ. लिव्हसी, ज्यांनी सिल्व्हरला न्यायालयापुढे उभे करायला हवे, तेही आपल्या मनात तो निसटावा अशी इच्छा जवळजवळ उमटली आहे, असे कबूल करतात. कादंबरीत सिल्व्हर पळाल्याचे कळल्यावर जहाजावरच्या सर्वांना सुटल्यासारखे वाटते, असे जिम लिहितो. ते वाक्य आणि डॉक्टरांचे हे बोलणे एकाच भावनेतून आलेले आहे, म्हणून पाऊलवाट यांना मी एवढेच सुचवीन की अठ्ठाविसावे ते तेहतिसावे प्रकरण वाचून लगेच चित्रपटाची शेवटची पंधरा मिनिटे पाहावीत.